तिवराच्या पानातील बुरशी आणि १८ मिलिमीटरचे वर्तुळ

कोकणातील एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. खाडीकाठच्या तिवराच्या निरोगी पानातून तिने एक बुरशी वेगळी केली, ती द्रव माध्यमात वाढवली आणि इथाइल ॲसिटेट या द्रावकाने काढलेला अर्क स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर तपासला. अर्क टाकलेल्या कागदी चकतीभोवती जिवाणू न वाढलेले, १८ मिलिमीटर व्यासाचे स्वच्छ वर्तुळ मिळाले. याला नवे प्रतिजैविक म्हणता येईल का, खारफुटीतील बुरश्यांना एवढे महत्त्व का दिले जाते आणि साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत यापुढे काय करता येईल, असे तिचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज तरी ‘नाही’ असेच द्यावे लागेल. आगरमधून, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढवतात त्या जेलीसारख्या माध्यमातून, पसरू शकणारे आणि या जिवाणूची वाढ रोखणारे काहीतरी अर्कात आहे, एवढेच त्या वर्तुळावरून कळते. तो पदार्थ एक आहे की चार आहेत, तो बुरशीने तयार केला की माध्यमातूनच आला आणि रसायनशास्त्राला तो आधीपासून ठाऊक आहे का, यांपैकी कशाचेही उत्तर त्यात नाही. माझा अनुभव असा की खारफुटीच्या बुरश्यांनी दिलेली बहुतेक वर्तुळे शेवटी जुन्या, परिचित संयुगांची निघतात. त्यामुळे आणखी दहा जिवाणूंवर तोच अर्क तपासून वर्तुळांचा तक्ता लांबवण्यापेक्षा या एका वर्तुळामागचा पदार्थ ओळखण्याकडे वळावे, असे मी सुचवेन.

१८ या आकड्यावरही फार भिस्त ठेवू नये. वर्तुळाचा व्यास पदार्थाच्या ताकदीइतकाच त्याच्या रेणूच्या आकारावर, पाण्यात विरघळण्याच्या गुणावर, आगरच्या जाडीवर आणि चकतीवर टाकलेल्या अर्काच्या वजनावर अवलंबून असतो. अत्यंत प्रभावी पण पाण्याशी न जमणारा रेणू चकतीच्या कडेलाच अडकून बसतो आणि कमकुवत पण विरघळणारा रेणू भले मोठे वर्तुळ काढून दाखवतो. म्हणून ९६ कप्प्यांच्या पट्टीत अर्क दर टप्प्याला निम्मा करत जावा आणि वाढ थांबवणारी किमान संहती, म्हणजेच एमआयसी, मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये काढावी. रेझाझुरिन हा निळा रंग जिवंत पेशी असलेल्या कप्प्यात गुलाबी होतो, त्यामुळे महागड्या यंत्राशिवाय, नुसत्या डोळ्यांनी हा निकाल वाचता येतो.

त्याआधी तीन साध्या शंका फेडून घ्याव्यात. बुरशी न टाकलेले माध्यम तितकेच दिवस ठेवून त्याचाही अर्क त्याच पद्धतीने काढावा. त्याने वर्तुळ दिले तर विषय तिथेच संपतो. अर्काचा सामू तपासावा, कारण ॲस्परजिलस नायजरच्या गटातील बुरश्या ऑक्झॅलिक आणि सायट्रिक आम्ल इतके तयार करतात की केवळ आंबटपणानेही जिवाणू मागे हटतो. तिसरी शंका मेदाम्लांची. लिनोलेइक आम्लासारखी असंपृक्त मेदाम्ले बुरशीच्या जवळजवळ प्रत्येक अर्कात असतात आणि स्टॅफिलोकॉकस त्यांना विशेष संवेदनशील असतो. थोडे पाणी मिसळलेल्या मिथेनॉलमध्ये अर्क विरघळवून तो हेक्झेनने धुतला की मेदाम्लांचा बराचसा भाग वर निघून जातो. वर्तुळ हेक्झेनच्या थरासोबत गेले तर उत्साह तिथेच आवरता घ्यावा; मी विद्यार्थ्यांना ही पायरी सर्वांत आधी करायला लावतो, कारण तिचा खर्च नगण्य असतो आणि ती पुढची सहा महिन्यांची मेहनत वाचवू शकते.

यानंतर जुन्या ओळखीच्या मंडळींची हजेरी घ्यावी. तिवर, कांदळ, चिप्पी किंवा हुरी यांच्या पानांतून पेट्री डिशमध्ये वर येणाऱ्या बुरश्या बहुतेक वेळा ॲस्परजिलस, पेनिसिलियम, फ्युझेरियम, आल्टर्नेरिया, पेस्टॅलोशिऑप्सिस, कोलेटोट्रायकम अशा प्रजातींच्या असतात, आणि त्यांतील अनेकींच्या रसायनांची जंत्री आधीच मोठी आहे. पेनिसिलियम सिट्रिनम ही बुरशी सिट्रिनिन नावाचे पिवळे संयुग बनवते. १९३१ साली वेगळे केलेले हे संयुग जिवाणूंवर चांगले काम करते आणि एके काळी प्रतिजैविक म्हणून त्याचा विचारही झाला होता. पण ते मूत्रपिंडाला घातक असल्याचे दिसल्यावर तो विचार सोडून द्यावा लागला. ॲस्परजिलस फ्युमिगेटसचे ग्लायोटॉक्सिन आणि हेल्व्होलिक आम्ल, फ्युझेरियमची एनिॲटिने, ॲस्परजिलस टेरियसचे टेरीन आणि ब्युटिरोलॅक्टोन हीदेखील अशीच वारंवार भेटणारी नावे आहेत. अर्क पिवळा असेल आणि रेणूंचे वस्तुमान दाखवणाऱ्या वस्तुमान वर्णपटात २५१ च्या आसपास ठळक शिखर दिसले, तर नव्या संयुगाचे स्वप्न पाहण्याआधी सिट्रिनिनचे वस्तुमान २५० असते हे आठवावे. जुने संयुग लवकर ओळखून बाजूला ठेवणे हा या क्षेत्रातील निम्मा व्यवसाय आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

बुरशीच्या ओळखीबाबतही एक सूचना करावीशी वाटते. केवळ आयटीएस या डीएनए पट्ट्याचा क्रम काढून, संगणकावर ९९ टक्के साम्य दिसले की जातीचे नाव लिहून टाकण्याची पद्धत पडली आहे. ॲस्परजिलस आणि पेनिसिलियममध्ये हा पट्टा जवळच्या जातींना वेगळे करू शकत नाही. ॲस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिन आणि पेनिसिलियमसाठी बीटा-ट्युब्युलिन या जनुकांचा क्रम सोबत हवा. नाव चुकले की त्या नावाखालची रसायनांची जंत्रीही चुकीची पाहिली जाते, म्हणून ही तक्रार केवळ वर्गीकरणाची नाही.

आता दुसरा प्रश्न. खारफुटीत दर बारा तासांच्या आसपास पाणी चढते आणि उतरते, क्षारता पावसाळ्यात गोड्या पाण्यापर्यंत खाली येते आणि मे महिन्यात समुद्राच्याही वर जाऊ शकते, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि सालीत व पानांत टॅनिन खच्चून भरलेले असते. पानाच्या आत, रोगाचे कोणतेही लक्षण न दाखवता राहणाऱ्या बुरशीला, जिला आपण एंडोफाइट म्हणतो, पान गळून चिखलात पडले की एका दिवसात हजारो जिवाणू, इतर बुरश्या आणि खेकडे यांच्याशी त्याच पानासाठी झगडावे लागते. अशा जागी रासायनिक हत्यारे बाळगणारी बुरशी टिकत असावी, हा तर्क पटण्याजोगा आहे. पण एखादे विशिष्ट संयुग बुरशी झाडात असताना खरोखर तयार करते आणि त्याचा तिला अमुक उपयोग होतो, हे प्रयोगाने दाखवलेली उदाहरणे थोडी आहेत. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हा तर्क सिद्ध सत्य म्हणून लिहिला जातो, तो तसा लिहू नये. शिवाय पानांतून मिळणाऱ्या बुरश्यांपैकी पुष्कळ जमिनीवरच्याच कुळातील असतात. तमिळनाडूतील पिचावरम येथे सूर्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कांदळाच्या दोन जातींच्या पानांतील एंडोफाइटांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून भारतीय खारफुटीच्या पानांतील बुरश्यांची पद्धतशीर मोजदाद होत आली आहे; रसायनांची मोजदाद मात्र त्या मानाने मागे राहिली.

रसायनांच्या बाबतीत आघाडी घेतली ती दक्षिण चीनने. ग्वांगझूच्या सन यात-सेन विद्यापीठातील लिन योंगचेंग यांच्या गटाने दक्षिण चीन समुद्राच्या किनाऱ्यावरील खारफुटीतून मिळालेल्या झायलेरिया बुरशीतून झायलोकीटाल ही संयुगे वेगळी करून २००१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील झायलोकीटाल ए या रेणूला एका अक्षाभोवती तीन सारख्या बाजू आहेत. निसर्गात इतकी समतोल रचना क्वचित दिसते, म्हणून संश्लेषण करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांनीही तिचा पिच्छा पुरवला. त्याच परंपरेतील हॅलोरोसेलिनिया या बुरशीच्या १४०३ क्रमांकाच्या वाणातून मिळालेले एसझेड-६८५सी हे अँथ्राक्विनोन संयुग कर्करोगाच्या पेशींना आत्मनाशाकडे ढकलते आणि उंदरांमधील गाठींची वाढ रोखते, असे २०१० मध्ये दाखवले गेले. आपल्या तिवराच्याच जातीच्या झाडातून चीनमधील चिंगदाओच्या समुद्रविज्ञान संस्थेने पेनिसिलियम ब्रोकी ही बुरशी वेगळी केली आणि तिच्यातून डायकिटोपिपरेझिन या वर्गातील गंधकयुक्त संयुगांची एक संपूर्ण मालिका २०१५ मध्ये समोर आणली. म्हणजे झाड तेच. तुमच्या खाडीतील तिवरात कोणती बुरशी दडली आहे, हा प्रश्न खुला आहे.

या सगळ्या उदाहरणांत मला सर्वाधिक शिकवणारे वाटते ते ॲस्परटर्पेनॉइड ए. चीनच्या हायनान बेटावरील सोनेरेशिया अपेटला या चिप्पीच्या जातीतून मिळालेल्या ॲस्परजिलसच्या एका वाणाने हे २५ कार्बनचे, तोवर न पाहिलेल्या सांगाड्याचे संयुग दिले. प्रसिद्धी २०१३ ची. गंमत अशी की ही चिप्पी हायनानची मूळची नाही. ती भारतीय उपखंडातील असून १९८५ मध्ये बांगलादेशातील सुंदरबनातून तिकडे नेऊन लावली गेली, आणि ठाण्याच्या खाडीत ती आपल्याला रोज दिसते. हे संयुग क्षयाच्या जिवाणूच्या एमपीटीपीबी या विकराला (एन्झाइमला) २.२ मायक्रोमोलर इतक्या अल्प संहतीत निम्म्याने थोपवते. हा विकर जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी वापरत नाही; आपल्या पांढऱ्या पेशीत शिरल्यावर त्या पेशीचा प्रतिकार मंद करण्यासाठी तो बाहेर सोडतो. याचा अर्थ असा की चकती आणि आगरच्या चाचणीत असे संयुग सापडलेच नसते, कारण जिचा प्रतिकार मंद करायचा ती पांढरी पेशीच तिथे नाही. ज्या अर्कांनी वर्तुळ दिले नाही म्हणून तुम्ही ते टाकून दिले असतील, त्यांच्याबद्दल मी आधी विचारले असते.

वर्तुळ कसे चकवते याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण खारफुटीचे नाही, पण किनाऱ्याचेच आहे. इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे जुझेप्पे ब्रोत्झू यांनी १९४५ मध्ये सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागेच्या पाण्यातून सेफॅलोस्पोरियम ही बुरशी वेगळी केली, आणि तिच्या द्रावाने विषमज्वराच्या जिवाणूसह अनेक जिवाणू रोखले. तो गुण मुख्यतः एका पेनिसिलिनचा होता. ज्याच्या सांगाड्यावर पुढे सेफॅलोस्पोरिन औषधांचे अख्खे कुळ उभे राहिले, ते सेफॅलोस्पोरिन सी इतके अल्प आणि इतके सौम्य होते की ऑक्सफर्डमध्ये न्यूटन आणि अब्राहम यांना ते १९५३ मध्ये, त्या पेनिसिलिनच्या शुद्धीकरणाच्या ओघात आढळले. पहिले औषध बाजारात यायला १९६४ साल उजाडले.

अर्कातील पदार्थ बुरशीचाच आहे याची खात्री करण्याचा मुद्दाही याला जोडून येतो. १९९३ मध्ये अमेरिकेतील यू वृक्षावरच्या टॅक्सोमायसेस या बुरशीत टॅक्सॉल हे कर्करोगावरील औषध मिळाल्याचे जाहीर झाले आणि त्यानंतर जगभरातील, खारफुटीच्यासुद्धा, बुरश्यांत टॅक्सॉल ‘सापडू’ लागले. २०१३ मध्ये मूळ बुरशीचा जनुकसंच तपासला गेला, तेव्हा टॅक्सॉल बनवण्यासाठी लागणारी जनुके तिच्यात आढळली नाहीत. म्हणून पानाच्या तुकड्यातून निघालेल्या पहिल्या वाढीवर विसंबू नये. निदान चार-पाच वेळा ताज्या माध्यमावर नेल्यानंतरही गुण टिकतो का ते पाहावे. पानाचा पृष्ठभाग नीट निर्जंतुक झाला होता का, हे शेवटच्या धुवणीचे पाणी आगरवर पसरून आणि निर्जंतुक केलेल्या पानाचा ठसा आगरवर उमटवून तपासले असेल, तरच त्या बुरशीला एंडोफाइट म्हणावे.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत मोठी सोय अशी की बुरशीकडून नवे रसायन काढून घेण्याचे काही उत्तम उपाय स्वस्त आहेत. एका बुरशीच्या जनुकसंचात दुय्यम चयापचयिते, म्हणजे वाढीसाठी थेट न लागणारी खास रसायने, बनवणारे जनुकसमूह डझनांनी असतात आणि प्रयोगशाळेतील एका ठरावीक माध्यमात त्यांतील बरेचसे झोपलेले राहतात. २००२ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘एक वाण, अनेक संयुगे’ या सूत्रात ही गोष्ट मांडली: माध्यम, क्षार, प्रकाश, हवा किंवा भांड्याचा आकार बदलला की तीच बुरशी वेगळी रसायने देते. पोटॅटो डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमासोबत साधा भात वापरून पाहावा. एक लिटरच्या शंकूपात्रात १०० ग्रॅम तांदूळ आणि जवळपास तितकेच पाणी घालून ऑटोक्लेव्ह करावे, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करावे, बुरशी टाकावी आणि न हलवता तीन ते चार आठवडे ठेवावे. एका पात्रात साधे पाणी, दुसऱ्यात समुद्राच्या क्षारतेचे आणि तिसऱ्यात त्याच्या निम्म्या क्षारतेचे असे तीन प्रकार केले, तर खारफुटीच्या बुरशीला मिठाने काय फरक पडतो हेही कळते. अर्कातील पदार्थ वेगवेगळे करणाऱ्या पातळ थराच्या पट्टीवर (टीएलसी) तिन्ही अर्क शेजारी शेजारी धावले की फरक अतिनील दिव्याखाली दिसतो. भाताची पात्रे माझी विशेष आवडीची आहेत, कारण हलत्या द्रव माध्यमात मुकाट बसलेली बुरशी भातावर लाल, केशरी, जांभळे रंग उधळताना मी कितीदा तरी पाहिली आहे; मात्र रंग म्हणजे औषध नव्हे, हे सांगायलाच हवे.

दोन जीव एकत्र वाढवणे हा दुसरा उपाय. अमेरिकेतील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील फेनिकल यांच्या गटाने २००१ मध्ये एका समुद्री बुरशीत प्रतिजैविक-प्रतिरोधी जिवाणू सोडला, तेव्हा एकटी असताना न बनणारे पेस्टॅलोन तिने तयार केले. त्याची औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवरची ताकद सुरुवातीला थक्क करणारी वाटली होती. पुढे कृत्रिमरीत्या बनवलेल्या पेस्टॅलोनने ती बरीच कमी असल्याचे दाखवले. शुद्ध पदार्थाची चाचणी दुसऱ्या हाताने, दुसऱ्या जागी पुन्हा व्हावी असे मी म्हणतो, ते अशाच कारणांसाठी.

आणखी एक गोष्ट सुचवतो, कारण ती आपल्याकडे फारच थोडे जण करतात. पाने सोडून कुजक्या लाकडाकडे वळा. ओहोटीला चिखलात अर्धवट रुतलेल्या तिवराच्या फांद्या आणि मेलेली श्वसनमुळे आणून ओलसर, झाकलेल्या डब्यात काही आठवडे ठेवली, तर त्यांवर हॅलोरोसेलिनिया, व्हेरुक्युलिना, लुलवर्थिया अशा खऱ्याखुऱ्या समुद्री बुरश्यांची काळी, सुईच्या टोकाएवढी फळे दिसू लागतात. त्यांतील एकेक बीजाणू सुईने उचलून वाढवावा लागतो, त्या हळू वाढतात, पेट्री डिशवर ॲस्परजिलस त्यांना सहज गाडून टाकतो, आणि म्हणूनच त्यांची रसायने कमी पाहिली गेली आहेत. हवाईतील खारफुटीच्या लाकडावरून कोलमायर यांनी १९६९ मध्ये वर्णिलेल्या हेलिकॅस्कस या बुरशीतील हेलिकॅस्कोलाइड संयुगे प्रसिद्ध व्हायला १९८९ साल उजाडावे लागले. ज्याला नवे काही शोधायचे आहे त्याने गर्दी नसलेल्या वाटेने जावे, आणि ही वाट कोकणातील कोणत्याही खाडीत गुडघाभर चिखलातून जाते.

कोणत्याही रसायनापेक्षा आधी वाचवायची असते ती बुरशी. माझ्याकडील एका वाणाने पहिल्या वर्षी उत्तम गुण दाखवला. आम्ही तो तिरप्या आगरवर दर महिन्याला पुढे नेत राहिलो, आणि दीड वर्षाने जेव्हा शुद्धीकरणासाठी मोठ्या प्रमाणावर वाढवला तेव्हा अर्क पूर्ण निष्प्रभ होता. वारंवार पुढे नेलेली बुरशी आपली दुय्यम रसायने बनवणे सोडून देते, हे पुस्तकात वाचलेले होते, तरी ते शिकायला तेवढे नुकसान व्हावे लागले. आजच, गुण ताजा असताना, बीजाणू आणि तंतूंचे तुकडे १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये घालून दहा-बारा नळ्या उणे ८० अंशांत ठेवा. तो फ्रीझर नसेल तर निर्जंतुक पाण्यात बुरशी वाढलेल्या आगरचे तुकडे ठेवण्याची जुनी पद्धतही वर्षे निभावते. एक प्रत पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रहात जमा करावी. संग्रहाचा क्रमांक नसलेल्या बुरशीवरचा दावा कोणालाच पडताळता येत नाही.

रासायनिक रचना ठरवणे महाविद्यालयात होणार नाही, आणि ते अपेक्षितही नाही. सिलिका भरलेल्या शुद्धीकरण-स्तंभातून वेगळे केलेले, पट्टीवर एकच ठिपका देणारे काही मिलिग्रॅम द्रव्य हातात आल्यावर रेणूची रचना उलगडणारी एनएमआर चाचणी आणि उच्च क्षमतेचा वस्तुमान वर्णपट यांसाठी विद्यापीठाच्या किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या उपकरण केंद्राकडे जावे. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत समुद्री बुरश्यांवर दीर्घकाळ काम झालेले आहे, त्यामुळे कोकणातल्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनासाठी फार लांब जावे लागत नाही. कांदळवनात नमुने घेण्यापूर्वी वन विभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी घ्यावी. पेटंटचा विचार असेल किंवा बुरशी परदेशी प्रयोगशाळेला पाठवायची असेल, तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या आणि त्यातील २०२३ च्या दुरुस्तीच्या तरतुदी आधी समजून घ्याव्यात. परदेशातील मित्राला टपालाने पाठवलेली एक नळीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने साधी भेट नसते.

औषध किती दूर आहे, हेही तुम्हाला माहीत असावे. खारफुटीच्या बुरशीतील संयुगापासून थेट बाजारात आलेले औषध आजवर नाही. समुद्री बुरशीच्या वंशातील सर्वांत पुढे गेलेला रेणू प्लिनाब्युलिन हा आहे. हॅलिमेडा शैवालावरील ॲस्परजिलसच्या संयुगाच्या धर्तीवर तो रचला गेला, मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचला आणि २०२१ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने आणखी एका चाचणीची मागणी करत त्याला मंजुरी दिली नाही.

तुमच्या प्रबंधात सध्या लिहिता येईल असे वाक्य मी असे लिहीन: ‘तिवराच्या पानातून वेगळ्या केलेल्या, अमुक क्रमांकाने संग्रहात जमा केलेल्या या बुरशीच्या इथाइल ॲसिटेट अर्काने स्टॅफिलोकॉकस ऑरियसची वाढ अमुक संहतीत रोखली, रिकाम्या माध्यमाच्या अर्काने ती रोखली नाही, आणि मेदाम्ले काढून टाकल्यानंतरही हा गुण टिकला.’ यातील ‘अमुक’च्या दोन्ही जागा भरून आणि शेवटची दोन विधाने स्वतः तपासून झाली की पुन्हा लिहा, तेव्हा आपण शुद्धीकरण-स्तंभात कोणती सिलिका भरायची यावर बोलू.